शेतात, वाड्यात, नदीकाठी जुनं नाणं सापडलं तर ते ओळखायचं कसं: सोलापूरकर नवशिक्यांसाठी

नांगरटीत, जुना वाडा पाडताना, विहिरीचा गाळ काढताना, नाहीतर हल्ली ऑनलाइन मागवलेल्या मेटल डिटेक्टरनं काहीतरी हाताला लागतं आणि लगेच प्रश्न येतो, "किती येतील याचे?" आणि उत्तर मिळायच्या आतच ते नाणं चिंचेच्या पाण्यात पडलेलं असतं. थोडं थांबा. किंमत नंतर बघू, आधी ते आहे काय हे तर कळू द्या. आणि ते कळायला नाण्यावरच्या अक्षरांची जितकी मदत होते तितकीच ते शेताच्या कुठल्या गट नंबरात, किती खोल, कशाच्या शेजारी सापडलं याची होते, हे मला अगदी मनापासून सांगायचंय, कारण आपल्या जिल्ह्यात कितीतरी चांगली नाणी आज लोकांच्या देव्हाऱ्यात आणि कपाटात आहेत पण ती कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि अर्धी ओळख तिथंच गेलेली असते.

आधी जागा, मग डिटेक्टर

डिटेक्टर दुकानात मिळतो म्हणून तो कुठंही फिरवता येतो असं नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला, माचणूर, करमाळ्याचा किल्ला, हत्तरसंग कुडलचं देऊळ, गावोगावच्या गढ्या, जुनी मंदिरं, दर्गे, यांच्या आसपास मशीन घेऊन जायचंच नाही. 1958 च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्यानं संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदता येत नाही, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्याच्या पुढं 200 मीटर नियंत्रित पट्टा धरला जातो. हत्तरसंग कुडललाच शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. अशा ठिकाणी एक वीतभर खड्डासुद्धा कायमचं नुकसान करतो.

तसंच पांढरीचं. गावाबाहेर जिथं जुन्या वस्तीचं टेकाड असतं, राखाडी-पांढरी माती, खापराचे तुकडे, बांगड्यांच्या काचा वर पडलेल्या दिसतात, ती जागा कुठल्या सरकारी यादीत असो वा नसो, तिथं खोदू नका. तिथल्या मातीचे थर हीच माहिती असते, आणि एकदा उकरलं की ते थर परत लावता येत नाहीत. वर पडलेलं काही दिसलं तर फोटो काढा, जागा लिहा, कळवा.

मग उरतं काय? स्वतःचं शेत, मालकानं लेखी हो म्हटलेलं शेत, आपलं पाडलेलं घर, तिथली उचललेली माती. उजनीचं पाणी उतरलं की करमाळा भागात बुडालेल्या गावांच्या जागा उघड्या पडतात आणि बरेच जण तिकडं जातात, पण ती जमीन तुमची नाही, विचारल्याशिवाय जायचं नाही. पंढरपूरच्या वाळवंटात नाणी शोधणारी मंडळी वर्षानुवर्षं आहेत, पण तिथं मशीन घेऊन उतरायचं तर आधी प्रशासनाला विचारा.

मशीनबद्दल थोडक्यात. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची आहे, तिच्यात लोहाचं प्रमाण बरंच, त्यामुळं मशीन उगाच ओरडत राहतं. ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या लोहाकडं मशीननं दुर्लक्ष करावं म्हणून करायची सेटिंग) नीट केल्याशिवाय सुरुवात करू नका आणि सेन्सिटिव्हिटी फुल ठेवायचा मोह टाळा. लोह जास्त असलेले काळे दगडसुद्धा आवाज देतात. गुटख्याच्या पुड्या, गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी फॉइल, बाटलीची बुचं, बाजाचे खिळे हेच जास्त निघणार, धीर धरा. दोन्ही दिशांनी फिरवून आवाज तसाच येत असेल, तरच खणा, आणि फक्त नांगराच्या खोलीपर्यंत. त्याच्या खालची माती हललेली नसेल तर तिथं थांबायचं. खड्डा बुजवायचा.

सापडल्यावर लगेच

नाणं वर आलं की बोटानं चोळू नका. सगळ्यांचा हात तसाच जातो, पण ओल्या मातीतली बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते आणि उठावावर, म्हणजे वर आलेल्या अक्षरांवर आणि चित्रांवर, ओरखडे पडतात. मातीसकट कागदाच्या पाकिटात ठेवा. त्याआधी मोबाइलवर दोन फोटो, एक नाणं जागेवर असताना आणि एक जरा लांबून, बांध किंवा झाड दिसेल असा. मोबाइलच्या मॅपवर पिन टाका. पाकिटावर लिहा: तारीख, गाव, गट नंबर, किती बोटं किंवा इंच खोल, शेजारी काय होतं (खापर, वीट, राख, हाड, आणखी धातू). लिहायला पाच मिनिटं लागतात.

एकटं नाणं आणि ठेवा यात मोठा फरक आहे. एकापेक्षा जास्त नाणी एका जागी निघाली, किंवा तांब्या, मडकं, गाडगं लागलं, तर तिथंच थांबा. मडकं उलटं करून नाणी घमेल्यात ओतू नका, कुठलं नाणं तळाला आणि कुठलं वर हेही अभ्यासकांना लागतं, आणि मडक्याचं खापर नाण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता कायदा, कारण इथं लोक फार घाबरतात आणि घाबरून लपवतात. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, साधारण किती आणि किती किमतीचं, कुठं, कधी. दहा रुपये म्हणजे जवळजवळ सगळंच आलं. मग ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तशी हमी द्यायची. पुढं चौकशी होते, नोटीस निघते, आणि कुणाचीच मालकी शाबीत झाली नाही तर सापडणाऱ्याला आणि जागामालकाला वाटा मिळतो, दोघांचं आपसात काही ठरलेलं नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायची तरतूद आहे. लपवलं तर मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे कळवण्यात आपलंच हित आहे. गावात तलाठी आणि पोलीस पाटलांना सांगून पंचनामा करून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, ती पोच जपून ठेवा.

1972 चा पुरावशेष कायदा वेगळा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं किंवा वस्तू पुरावशेषात धरली जाते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला लायसन्स लागतं. परदेशातला कुणीतरी चांगली किंमत देतोय म्हणून कुरिअर करायला जाल तर गुन्हा होतो.

साफ करायचं म्हणजे काय करायचं नाही

चिंच, लिंबू, कोकम, पितांबरी, टूथपेस्ट, राख, ब्रासो, ॲसिड, काहीही नाही. तांब्यावरचा गुळगुळीत गडद हिरवा किंवा चॉकलेटी थर नाण्याचं संरक्षण करतो, आणि अक्षरांचा उठाव बऱ्याचदा त्या थरातच टिकलेला असतो, धातू खालून खाल्लेला असतो. तो थर काढला की अक्षरं जातात आणि लालभडक चकती हातात उरते. फार तर डिस्टिल्ड वॉटरमधे (बॅटरीत घालतात ते चालतं) एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदला, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं हलकेच माती सोडवा, कापसावर टिपा, सावलीत पूर्ण वाळवा. माती निघत नसेल तर राहू द्या.

एक गोष्ट मात्र लक्ष ठेवून बघा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पावडरीसारखी, बोटाला लागणारी बुकटी ठिकठिकाणी येत असेल तर ती क्लोराइडची कीड असते, दमट हवेत वाढत जाते. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. चांदी काळी पडलेली असेल तर ती तशीच चांगली. शिसं करडं, जड आणि मऊ असतं, वर पांढरट पूड येते, ते हाताळलं की हात धुवा.

मोजा आणि तोला

अक्षरं वाचता येत नसली तरी वजन खोटं बोलत नाही. दशांशाच्या दोन आकड्यांपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि एक व्हर्नियर (व्यास आणि जाडी मोजायची सरकती पट्टी) घ्या, दोन्ही मिळून डिटेक्टरपेक्षा खूप स्वस्त पडतात आणि माझ्या मते त्याच्यापेक्षा जास्त उपयोगी. वजन ग्रॅममधे, व्यास मिलिमीटरमधे (वेडावाकडा असेल तर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान), जाडी, कड कशी आहे, सगळं पाकिटावर.

मग चुंबक लावा. सोनं, चांदी, तांबं, पितळ, शिसं चिकटत नाही. चिकटलं तर लोखंड, आजकालचं स्टीलचं नाणं, किंवा शुद्ध निकेल, जसा 1947 चा वाघाचा रुपया.

धातूची शंका असेल तर घनता काढा, सोपं आहे आणि नाण्याला काही होत नाही. काट्यावर पाण्याचा प्लास्टिकचा छोटा कप ठेवा, काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदी 10.5, तांबं 8.9 च्या आसपास, शिसं 11.3, सोनं 19.3, पितळ साधारण साडेआठ. समजा व्हिक्टोरियाचा रुपया 11.6 ग्रॅम आहे आणि पाण्यात आकडा 1.13 आला, तर भागाकार 10.27, म्हणजे ठीक आहे, त्या रुपयात चांदी 91.7 टक्के असते त्यामुळं साडेदहापेक्षा जरा कमीच यायला पाहिजे. तोच भागाकार साडेआठ आला तर ती चांदी नाही. खूप गंजलेल्या नाण्यावर ही युक्ती चालत नाही, हवा अडकते.

फोटो काढताना वरून फ्लॅश मारू नका. नाणं काळ्या कापडावर, दुसऱ्या मोबाइलची टॉर्च अगदी जमिनीलगत एका बाजूनं धरा, आणि टॉर्च गोल फिरवत चार दिशांनी चार फोटो घ्या. झिजलेली अक्षरं एका दिशेला अजिबात दिसत नाहीत आणि दुसऱ्या दिशेला उभी राहतात, हे बघायला फार छान वाटतं.

आपल्याकडं काय निघतं

सोलापूर हा मधला प्रदेश, कल्याणीचे चालुक्य, मंगळवेढ्याचे कलचुरी, देवगिरीचे यादव, बहामनी, मग विजापूर आणि अहमदनगर यांच्यातली ओढाताण, मोगल, निजाम, मराठे आणि 1818 ला इंग्रज. त्यामुळं एका शेतात कुठल्याही काळातलं काहीही निघू शकतं. जे वारंवार दिसतं तिथून सुरुवात करतो, म्हणजे अलीकडून मागं.

इंग्रजी नाणी सगळ्यात सोपी, साल लिहिलेलं असतं. 1835 पासून सगळ्या ब्रिटिश भागात एकसारखी नाणी आली. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, सिंहांनी धरलेली ढाल, मागं पानांचा वेढा, हे तांबं आपल्या मातीत भरपूर आहे. त्याआधीची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी तराजूच्या चित्रावरून ओळखा, 1791 पासून दिसतात. राणीच्या रुपयावर 1877 पासून क्वीनच्या जागी एम्प्रेस येतं. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं, भिंग लावून गळ्याखालची साखळी बघा. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. 1943 ते 47 चा मधे भोक असलेला एक पैसा लोक वायसर समजून टाकून देतात. 1957 पासून नये पैसे.

मग निजामाची. नळदुर्ग, तुळजापूर, परांडा हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता आणि सीमा आपल्याला लागूनच, त्यामुळं हाळी शिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं नाणं, अक्कलकोट, बार्शी पट्ट्यात सहज मिळतो. चारमिनारचं चित्र असलेल्या नाण्यावर मधल्या कमानीत बघा, दारात एकच उर्दू अक्षर उभं असतं. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. मीम म्हणजे छोटं गोल डोकं आणि खाली शेपूट, ऐन म्हणजे उघड्या तोंडाचा वळसा, एकदा दोन्ही नीट बघून ठेवलीत की पुन्हा विचारावं लागत नाही.

शिवराई. ही सापडली की सगळ्यांना वाटतं महाराजांच्या हातची, आणि ते वाटणं मी समजू शकतो, मलाही ती हातात घेताना वेगळंच वाटतं. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव, दुसऱ्या बाजूला छत्र, पति, कडेनं ठिपक्यांची गोल माळ. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा त्यामुळं पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो, कुठं नुसतं "राजा" आणि शिवचा शि, कुठं "त्रप" एवढंच. पण शिवराई हे नाणं महाराजांनंतर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात पाडलं जात राहिलं आणि इंग्रज आल्यावरही बाजारात बरीच वर्षं चाललं. मजकुराच्या ओळींमधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उत्तरकाळातली. आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक अशाच उशिराच्या. अक्षरांचं वळण, "शिव" ऱ्हस्व की दीर्घ, "ति" ऱ्हस्व की दीर्घ, माळेतले ठिपके, वजन, या सगळ्यावरून प्रकार ठरतो, म्हणून अंदाजानं "सतराव्या शतकातली" असं लिहून टाकू नका. उशिराची असली तरी ती दीडशे-दोनशे वर्षं आपल्याच आजा-पणज्यांनी बाजारात चालवलेली असते, माझ्या दृष्टीनं तीसुद्धा तितकीच जपायची.

मराठ्यांचे चांदीचे रुपये मात्र फारसी असतात आणि त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं, बऱ्याचदा शाह आलम. ते मोगली म्हणून बाजूला ठेवू नका, आधी बारीक चिन्हं शोधा. अंकुश दिसला तर अंकुशी रुपया, पेशवाईतला. रुपयावर वेडेवाकडे छोटे टोचे दिसतात, ते सराफांनी चांदी तपासायला मारलेले असतात, ती नाण्याची खोट नाही.

मोगल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या जवळ बसतो. औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, एवढं मोठं लष्कर, बाजार, पगार, त्यामुळं त्या पट्ट्यात मोगल नाणं निघालं तर नवल नाही. त्याच्या रुपयावर एका बाजूला "सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर" हा शेर, दुसऱ्या बाजूला जुलूस म्हणजे राज्यारोहणाचं वर्ष आणि "ज़र्ब" या शब्दाशेजारी टाकसाळीचं गाव. टाकसाळ म्हणून सोलापूरचं नाव असलेले त्याचे रुपये आहेत, आपल्या गावाचं नाव तीनशे वर्षांपूर्वीच्या चांदीवर वाचायला मिळतं!

बहामनी आणि आदिलशाही तांबं जाड, ओबडधोबड, अरबी-फारसी अक्षरं दोन्हीकडून कापलेली. ही ओळखायला अवघड आहेत, वजन आणि जे दोन-चार फटकारे दिसतात ते कागदावर जसेच्या तसे काढून जाणकाराला पाठवा. आदिलशाही लारी मात्र कुणीही ओळखेल, चांदीची तार दुमडून केसांच्या पिनेसारखी केलेली, वजन पाच ग्रॅमच्या थोडं आत, आणि तारेवर चपट्या भागात फारसी अक्षरं. माहीत नसेल तर तुटका दागिना समजून मोडीत जाते. दक्षिणेकडून आलेले विजयनगरचे बारीक सोन्याचे होन आणि तांब्याची नंदीची, गरुडाची नाणी, यादवांचा मधे कमळ आणि कडेनं ठसे असलेला खोलगट सोन्याचा पद्मटंक, ही दुर्मिळ, मिळाली तर वर सांगितलेला अर्ज आधी.

सगळ्यात जुनं म्हणजे सातवाहन आणि त्याआधीची आहत नाणी. बार्शीपासून जवळच तेर आहे, जुनं तगर, सातवाहन काळातली मोठी व्यापारपेठ, आणि तिथल्या सरकारी संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू बघायला मिळतात, एकदा जाऊनच या, पुस्तकात शंभर फोटो बघण्यापेक्षा जास्त कळतं. सातवाहनांची नाणी शिशाची किंवा पोटीन नावाच्या तांबं-कथील-शिशाच्या मिश्रणाची, लहान, करडी, काळ्या मातीत खड्यासारखी दिसतात. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, वर ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चारही टोकांना गोल, त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. आहत नाणी चांदीच्या पत्र्याचे कापलेले तुकडे, चौकोनी किंवा वेडेवाकडे, 3.3 ग्रॅमच्या आसपास, वर सूर्य, डोंगर, प्राणी असे वेगवेगळे छोटे ठसे एकावर एक. यावर अक्षर नसतंच, शोधत बसू नका.

पंढरपूरचा अपवाद लक्षात ठेवा. वारकरी आणि यात्रेकरू कर्नाटकातून, आंध्रातून, कुठून कुठून येऊन चंद्रभागेत पैसा टाकत आले, म्हणून तिथं म्हैसूरचं हत्तीचं तांबं मिळालं म्हणजे म्हैसूरचं राज्य इथवर होतं असा अर्थ काढायचा नाही. हेच नाणं मोहोळच्या एखाद्या शेतात निघालं तर मात्र विचार करायला लावतं.

साल वाचणं

फारसी आकड्यांत एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे खाली उघडा कोन, नऊ आपल्या इंग्रजी नऊसारखाच. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. हिजरी साल मिळालं की त्याला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा: 1100 हिजरी म्हणजे 1067 अधिक 622, इसवी सन 1689 च्या आसपास. शक असेल तर 78 मिळवा, फसलीला (जुनं महसुली साल) 590, विक्रम संवतातून 57 वजा.

नाणं नसलेल्या वस्तू

डिटेक्टरवाल्याला या जास्त मिळतात आणि याच टाकून दिल्या जातात. अर्धचंद्राची लोखंडी पट्टी, खिळ्यांची भोकं असलेली, ही बैलाची नाल, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका खुराला दोन लागतात. पूर्ण वळलेली असेल तर घोड्याची. करड्या, पांढरी पूड आलेल्या जड गोळ्या म्हणजे बंदुकीचं शिसं, एका बाजूनं चपटी झालेली असेल तर झाडली गेलेली, चपटी बाजू घासू नका. घुंगरू, जोडवी, बैलाच्या गळ्यातली घंटा, निरांजन, देवाचे चांदीचे टाक (हे देव्हाऱ्यातले, नदीत विसर्जन केलेले बरेच निघतात, आदरानं ठेवा).

सोलापूर शहरात आणि पेठांच्या जुन्या घरांत आणखी एक निघतं, टोकदार, गुळगुळीत, पोकळ लोखंडी किंवा पितळी शंकू. लोक बाणाचं टोक किंवा गोळी म्हणून दाखवायला आणतात. आतल्या बाजूला लाकडाचा चुरा किंवा लाकूड बसायची खाच दिसली तर ते धोट्याचं टोक आहे, हातमागाचं. गोल पितळी बिल्ला, वर नंबर आणि दोऱ्यासाठी भोक, हा गिरणीचा असू शकतो. ज्या गावानं कापडावर पोट भरलं त्या गावाला या दोन वस्तू सोन्याच्या होनापेक्षा कमी मोलाच्या नाहीत, हे माझं ठाम मत.

पितळेचं किंवा लोखंडाचं वजनाचं माप मिळालं तर तोला. एक तोळा 11.66 ग्रॅम, तेवढाच कंपनीच्या रुपयाचा भार, आणि 80 तोळ्यांचा शेर. आकडा जुळला की वस्तू ओळखली.

तोफेचा लोखंडी पोकळ गोळा, मागं पंख असलेली वस्तू, किंवा तोंडाला स्क्रू असलेलं जड नळकांडं लागलं तर हात लावू नका, ठोकू नका, लांब जाऊन 112 ला फोन करा.

खोटं ओळखा

ओतीव खोट्या नाण्याच्या कडेला बारीक शिवण असते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. ठोकलेल्या खऱ्या नाण्याची अक्षरं कडक असतात. तीच तडा, तोच डाग असलेली दोन नाणी दिसली तर दोन्हींवर संशय घ्या. राम दरबार, हनुमान, लक्ष्मी असलेली "1818 ईस्ट इंडिया कंपनी अर्धा आणा" ही कधीच चलनातली नाणी नव्हती, देवाची खूण म्हणून घरात ठेवा, पैसे देऊन घेऊ नका. तांदूळ ओढून घेणारं नाणं किंवा भांडं, राईस पुलर, ही सरळ फसवणूक आहे, अशी धातूची कुठलीच शक्ती नसते, आणि यात आपल्या भागातली साधी माणसं आयुष्यभराची कमाई घालवून बसलीत म्हणून मुद्दाम लिहितोय. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी टॅक्स आणि रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, रिझर्व्ह बँकेनं 2021 मधे जाहीर सांगितलंय की आमच्या नावानं चालणाऱ्या अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही.

कुणाला दाखवायचं

सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्व शिकवतात, तिथं विचारा. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, राज्याचं पुरातत्त्व खातं आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा, सोबत आपल्या नाण्याचे फोटो ठेवा.

पाठवताना "हे काय आहे, किती येतील" एवढंच लिहिलं तर कुणी नीट उत्तर देत नाही. दोन्ही बाजू, शेजारी पट्टी ठेवून, तिरप्या उजेडात. कडेचा एक फोटो. वजन, व्यास, चुंबक. गाव, खोली, शेजारी काय होतं. जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं असेल तर तसं लिहा, अभ्यासक मोकळेपणानं बोलतात. मूळ नाणं पोस्टानं कुणालाही पाठवायचं नाही, आणि जागेचा पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही, दुसऱ्या दिवशी तिथं जेसीबी उभा असतो.

ओळख पटली की कुणी, कधी, काय सांगितलं ते त्याच पाकिटावर लिहा. ठेवताना पीव्हीसीचे मऊ प्लास्टिक पाऊच वापरू नका, नाणं चिकट हिरवं होतं. साधा ॲसिड-फ्री कागद, एका पाकिटात एकच नाणं, आणि शिशाची नाणी पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा लाकडी खणात ठेवायची नाहीत, त्यातल्या वाफेनं ती पांढरी पडून फुटतात.